स्वतःच्या आयपी पत्त्यांवर मेल सर्व्हर हलवताना : कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

पुरवठादाराने दिलेल्या आयपी पत्त्यांवर चालणारा मेल सर्व्हर स्वतःच्या पत्त्यांवर आणि स्वतःच्या एएस क्रमांकाखाली (इंटरनेटवर आपले नेटवर्क ओळखणारा क्रमांक) न्यायचा असेल, त्या नेटवर्क विभागासाठी हा लेख आहे. वाचक बीजीपीचे (नेटवर्क एकमेकांना मार्ग सांगतात त्या पद्धतीचे) सेशन उभे करू शकतो आणि डीएनएसमधील (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतील) नोंदी बदलू शकतो, हे गृहीत धरले आहे. बहुतेक ठिकाणी ज्ञान पुरेसे असते, क्रम मात्र चुकतो. आपला राउटर आणि आपला सर्व्हर आपल्या हातात असतात, म्हणून सगळे त्यांच्यापासून सुरुवात करतात. पण मार्ग स्वीकारायचा की नाही हे अपस्ट्रीमचा (आपल्याला इंटरनेटशी जोडणाऱ्या वरच्या नेटवर्कचा) फिल्टर ठरवतो आणि मेल स्वीकारायची की नाही हे समोरचा मेल सर्व्हर ठरवतो. हे दोघेही आपण आधी केलेल्या नोंदी वाचून निर्णय घेतात, आणि त्या नोंदी त्यांच्यापर्यंत त्यांच्या वेळापत्रकाने पोहोचतात. म्हणून आधी नोंदी, मग मार्ग आणि सगळ्यात शेवटी मेल, हा क्रम खाली प्रत्येक टप्प्यात पाळला आहे.

उदाहरणांसाठी २०३.०.११३.०/२४ हा ब्लॉक (/२४ म्हणजे सलग २५६ पत्त्यांचा गट) आणि ६४५०० हा एएस क्रमांक वापरला आहे. हे दोन्ही आकडे केवळ लेखनासाठी राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे ते राउटरवर जसेच्या तसे उतरवू नयेत.

पूर्वतयारी : तारीख, माणसे आणि परतीची वाट

तारीख निवडताना केवळ आपल्या विभागाची सोय पाहू नये. मुंबईत ज्यांच्या मेल आपल्या सर्व्हरवर असतात त्यांत सनदी लेखापालांची कार्यालये आणि न्हावा शेवा बंदराशी व्यवहार करणारे कस्टम्स हाउस एजंट असतील, तर महिन्याची ७, ११ आणि २० या तारखा टाळाव्यात. टीडीएस भरणा, जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी यांच्या या नेहमीच्या मुदती आहेत. कस्टम्स एजंटांच्या बाबतीत ‘रात्री मेल कोण पाहतो’ हे गृहीतकही लागू पडत नाही, कारण त्यांचा युरोप-अमेरिकेशी पत्रव्यवहार आपल्याकडील रात्रीच चालतो. अनंत चतुर्दशीच्या आसपास रस्ते बंद असतात आणि डेटा सेंटरला माणूस वेळेवर पोहोचत नाही. तो आठवडा सरळ सोडून द्यावा.

डेटा सेंटर महापे, रबाळे किंवा चांदिवलीला आणि कार्यालय अंधेरीला असेल, तर कामाच्या रात्री एक माणूस प्रत्यक्ष रॅकजवळ हवा. शेवटची लोकल गेल्यावर निघायचे ठरवले, तर अडचणीच्या क्षणी तासभर रस्त्यात जातो. राउटरच्या कन्सोलला मोबाइल नेटवर्कवरून पोहोचता येईल अशी वेगळी वाट आधी उभारून तपासावी, कारण ज्या मार्गावर काम करायचे आहे त्याच मार्गाने राउटरवर लॉगिन करणे म्हणजे बसलेली फांदी कापणे आहे.

दोन फायबर घेतले असतील तर दोन्ही पुरवठादारांकडून मार्गाचा नकाशा मागवावा. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन फायबर ठाण्याची खाडी एकाच पुलावरून ओलांडत असतील, किंवा इमारतीत एकाच डक्टमधून येत असतील, तर पावसाळ्यापूर्वीच्या खोदकामात ती एकाच दिवशी तुटतात. मार्ग बदलण्याच्या आठवड्यात हे कळणे महागात पडते.

टप्पा १ : मेल कुठून कुठून निघते याची यादी

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच तो उरकला जातो. मुख्य मेल सर्व्हर सगळ्यांना माहीत असतो. पण आपल्या डोमेनच्या नावाने बिले पाठवणारे लेखा सॉफ्टवेअर, पगारपत्रके पाठवणारी बाहेरची सेवा, ‘स्कॅन टू मेल’ करणारे झेरॉक्स यंत्र, सीसीटीव्हीचे इशारे, यूपीएसचे इशारे, संकेतस्थळावरील चौकशीचा फॉर्म आणि मार्केटिंग विभागाने परस्पर घेतलेली न्यूजलेटर सेवा यांचीही मेल जगाला आपलीच दिसते.

सध्याच्या मेल सर्व्हरच्या लॉगमधून किमान एका पूर्ण महिन्याची नोंद काढावी. पगार, बिले आणि कर यांच्या मेल महिन्यातून एकदाच निघतात, त्यामुळे आठवड्याचा लॉग त्या दाखवत नाही. डीमार्कचे (आपल्या नावाने आलेली पण तपासणीत न टिकलेली मेल कशी हाताळावी हे सांगणाऱ्या डीएनएस नोंदीचे) अहवाल आधीपासून येत असतील तर तेही वाचावेत, कारण आपल्या सर्व्हरला बगल देऊन निघणारी मेल फक्त तिथेच दिसते. अहवाल येत नसतील, तर धोरण ‘नन’ (मेल अडवू नका, फक्त अहवाल द्या) ठेवून डीमार्कची नोंद आजच करावी आणि महिनाभर अहवाल जमू द्यावेत. बाकीचे टप्पे त्या काळात करता येतात.

तपासणी : यादीतील प्रत्येक ओळीपुढे पाठवणारा आयपी पत्ता, लिफाफ्यावरचे डोमेन (सर्व्हरांच्या आपसातील संवादात सांगितलेल्या पाठवणाऱ्याचे) आणि जबाबदार व्यक्ती या तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत का, हे पाहावे. ‘माहीत नाही’ अशी एकही ओळ राहिली असेल तर टप्पा ६ सुरू करू नये.

टप्पा २ : रजिस्ट्रीतील नोंदी

भारतात आयपी पत्ते आणि एएस क्रमांक निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) या संस्थेच्या अखत्यारीतील आयआरआयएनएन या राष्ट्रीय रजिस्ट्रीकडून किंवा थेट एपनिक या आशिया-पॅसिफिक विभागाच्या रजिस्ट्रीकडून मिळतात. ब्लॉक हाती आला म्हणजे तो वापरण्यास तयार झाला, असा समज आढळतो. पण पुढील तीन नोंदी झाल्याशिवाय राउटरला हात लावू नये.

पहिली नोंद राउट ऑब्जेक्टची. कोणता प्रीफिक्स (जाहीर होणारा पत्त्यांचा गट) कोणत्या एएस क्रमांकातून निघणार हे त्यात लिहिलेले असते आणि अपस्ट्रीमचे फिल्टर त्यावरूनच तयार होतात. आयपीव्ही६ साठी वेगळा ऑब्जेक्ट लागतो आणि तो हमखास विसरला जातो.

दुसरी नोंद एएस-सेटची, म्हणजे आपल्या आणि आपल्यामागच्या नेटवर्कांच्या एएस क्रमांकांच्या यादीची. आपल्यामागे आज एकही ग्राहक नेटवर्क नसले तरी एएस-सेट करून ठेवावा आणि त्याच्या नावाच्या सुरुवातीला आपला एएस क्रमांक जोडावा. केवळ कंपनीच्या नावाचा सेट केला आणि त्याच नावाचा दुसरा सेट दुसऱ्या डेटाबेसमध्ये असला, तर फिल्टर तयार करणारे साधन भलताच सेट उचलते. अशा वेळी आपले प्रीफिक्स का अडले हे शोधणे फार कठीण जाते.

तिसरी नोंद आरओएची, आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. आरओए म्हणजे अमुक प्रीफिक्स अमुक एएस क्रमांकातून निघण्यास परवानगी आहे, अशी डिजिटल सहीची नोंद. या नोंदी तपासणारे राउटर प्रत्येक मार्ग वैध, अवैध किंवा नोंद नसलेला अशा तीनपैकी एका गटात टाकतात आणि अवैध मार्ग सोडून देतात. आरओए मुळीच नसेल तर मार्ग ‘नोंद नसलेला’ ठरून बहुधा चालून जातो. चुकीचा आरओए असेल तर मार्ग पडतो. म्हणजे चुकीची नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट आहे.

ब्लॉक आपला आहे, पण आजवर पुरवठादार तो स्वतःच्या एएस क्रमांकातून जाहीर करत आहे, असे पुष्कळ ठिकाणी असते. अशा वेळी उत्साहाने आपल्या एएस क्रमांकाचा एकच आरओए तयार केला, की पुरवठादाराकडून चालू असलेला मार्ग त्याच क्षणापासून अवैध ठरू लागतो. नवा मार्ग अजून जाहीर झालेला नसतो आणि जुना पडू लागतो. मेल सर्व्हरला कोणी हातही लावलेला नसताना मेल बंद होते, आणि तीही सगळीकडून एकदम नव्हे, तर ज्या नेटवर्कमध्ये ही तपासणी चालते तिथूनच. म्हणून स्थित्यंतराच्या काळात एकाच प्रीफिक्ससाठी दोन आरओए ठेवावेत, एक पुरवठादाराच्या एएस क्रमांकाचा आणि एक आपला.

दुसरी चूक कमाल लांबीची, म्हणजे ब्लॉकचे किती लहान तुकडे जाहीर करता येतील या आरओएमधील मर्यादेची. समजा ब्लॉक /२३ चा (दोन /२४ एवढा) आहे आणि तो /२३ म्हणूनच जाहीर करायचा आहे. ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून कमाल लांबी २४ लिहिली, तर आपण कधीही जाहीर न केलेले दोन्ही /२४ वैध ठरतात. मग कोणी मार्गाच्या शेवटी आपला एएस क्रमांक खोटा जोडून त्यातील एक /२४ जाहीर केला, तर अधिक नेमका मार्ग म्हणून वाहतूक तिकडे वळते आणि आरओएची तपासणी त्याला अडवू शकत नाही. जे जाहीर करायचे तेवढ्याचाच आरओए करावा. डीडॉस हल्ल्यापासून बचाव करणाऱ्या सेवेला पुढे /२४ जाहीर करावा लागणार असेल, तर तेवढ्या नेमक्या प्रीफिक्सचा आरओए त्या सेवेच्या एएस क्रमांकासह करावा.

इशारा : /२४ पेक्षा लहान आयपीव्ही४ प्रीफिक्स आणि /४८ पेक्षा लहान आयपीव्ही६ प्रीफिक्स बहुतेक नेटवर्क स्वीकारत नाहीत. मेल सर्व्हरसाठी चार पत्ते वेगळे काढून तेवढेच दुसऱ्या लिंकवरून जाहीर करण्याची योजना आखू नये.

टप्पा ३ : अपस्ट्रीम आणि एक्स्चेंज यांना कळवणे

प्रत्येक ट्रान्झिट पुरवठादाराला (म्हणजे अपस्ट्रीमला) एएस-सेटचे नाव, प्रीफिक्सची यादी आणि त्याने मागितल्यास अधिकारपत्र द्यावे. फिल्टर तयार करणारी यंत्रणा साधारण दिवसातून एकदा चालते. काही ठिकाणी तिकीट उघडल्यावर माणूस हाताने फिल्टर बदलतो आणि त्याला अधिक वेळ लागतो. ‘फिल्टर बदलला’ असे उत्तर लेखी मिळाल्यावरच पुढे जावे, आणि त्या पुरवठादाराने हा प्रीफिक्स आपल्या वरच्या पुरवठादारालाही कळवला आहे का, हे त्याच पत्रात विचारावे. साखळीतील दुसरा दुवा अडला, तर मार्ग मुंबईत दिसतो आणि फ्रँकफर्टमध्ये दिसत नाही.

निक्सी, डी-सीआयएक्स मुंबई किंवा एक्स्ट्रीम आयएक्स यांपैकी ज्या एक्स्चेंजला (नेटवर्क एकमेकांना थेट जोडतात त्या जागेला) जोडणार असाल, तिथल्या राउट सर्व्हरशी (सभासदांचे मार्ग एकमेकांना पोहोचवणाऱ्या यंत्राशी) सेशन करताना एक बारीक बाब अडवते. राउट सर्व्हर मार्गात स्वतःचा एएस क्रमांक जोडत नाही, पण काही राउटर मार्गातील पहिला क्रमांक शेजाऱ्याचाच असला पाहिजे असा आग्रह धरतात आणि आलेले सगळे मार्ग नाकारतात. त्या सेशनपुरती ही तपासणी बंद करावी लागते.

पिअरिंगडीबी या नेटवर्कांच्या सार्वजनिक यादीतील आपली नोंदही याच टप्प्यात पूर्ण करावी. तिथला प्रीफिक्सचा कमाल आकडा वाचून समोरची नेटवर्क आपल्या सेशनवर मर्यादा लावतात, त्यामुळे तो आकडा आजच्या गरजेपेक्षा थोडा मोठा आणि तरीही खरा असावा.

टप्पा ४ : मार्ग जाहीर करणे, पण मेलशिवाय

या टप्प्यात मेल सर्व्हर जुन्याच पत्त्यावर राहतो. नव्या ब्लॉकमधील एका पत्त्यावर साधे चाचणी यंत्र ठेवावे आणि केवळ त्याच्यासाठी मार्ग उघडावा.

राउटरवर संपूर्ण ब्लॉकसाठी नल इंटरफेसकडे (आलेली पॅकेट टाकून देणाऱ्या बाजूकडे) जाणारा स्थिर मार्ग लिहावा, म्हणजे आतील एखादी लिंक पडली तरी जाहीर केलेला मार्ग खालीवर होत नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक सेशनवर ‘फक्त माझे प्रीफिक्स’ एवढीच परवानगी देणारा फिल्टर लावावा. दोन ट्रान्झिट आणि एक एक्स्चेंज असलेल्या नेटवर्कने हा फिल्टर लावला नाही, तर एकाकडून शिकलेले मार्ग दुसऱ्याला सांगितले जातात आणि दोन मोठ्या नेटवर्कमधील वाहतूक आपल्या लहानशा लिंकमधून वाहू लागते. आत येणाऱ्या सेशनवर कमाल प्रीफिक्सची मर्यादा आणि अवैध मार्ग सोडून देणारी आरपीकेआय (आरओएवर आधारित) तपासणी लावावी.

एफआरआरसारख्या राउटर सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर लिहिलाच नाही, तर सेशन उभे राहते पण एकही मार्ग येत-जात नाही आणि प्रीफिक्सच्या रकान्यात ‘पॉलिसी’ एवढाच शब्द दिसतो. हे सुरक्षिततेसाठी मुद्दाम तसे ठेवले आहे. फिल्टर लिहावा. ही तपासणीच बंद करण्याचा आडमार्ग घेऊ नये.

तपासणी : आपल्या राउटरवर मार्ग ‘जाहीर’ दिसणे हा पुरावा नाही. राइपस्टॅट किंवा राउटव्ह्यूज या सार्वजनिक सेवांवर बाहेरून पाहावे, आणि दोन-तीन परदेशी नेटवर्कच्या लुकिंग ग्लासवरून (त्यांच्या राउटरमधून पाहू देणाऱ्या पानावरून) चाचणी पत्त्यापर्यंत ट्रेसराउट (वाटेतले टप्पे दाखवणारी चाचणी) करावा. उगम ६४५०० दिसतो का, आरपीकेआय स्थिती वैध आहे का आणि दोन्ही अपस्ट्रीममधून मार्ग दिसतो का, या तिन्हींची नोंद ठेवावी. मग एक अपस्ट्रीम मुद्दाम बंद करून हीच तपासणी पुन्हा करावी. बंद करताना ‘ग्रेसफुल शटडाउन’ची ६५५३५:० ही कम्युनिटी (मार्गावर लावायची खूण) आधी लावावी, म्हणजे ती मानणारे अपस्ट्रीम वाहतूक हळूच दुसरीकडे वळवतात.

आता एक तपासणी अशी, जी बहुतेक जण सोडतात आणि नंतर दोष मेल सर्व्हरला देतात. चाचणी यंत्रावरून बाहेर, तुकडे न करण्याच्या अटीसह १४७२ बाइटचे पिंग पाठवावे. त्यात २८ बाइटची शीर्षके मिळवली की बरोबर १५०० होतात. हे पिंग गेले नाही, तर मार्गात कुठेतरी लहान एमटीयू (एका पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा) आहे. वाटेतल्या राउटरने ‘पॅकेट मोठे आहे’ असा आयसीएमपी (नेटवर्कमधील अडचणी कळवणारा) संदेश परत पाठवायचा असतो, पण आपल्या फायरवॉलवर कोणीतरी ‘सुरक्षिततेसाठी’ सगळा आयसीएमपी अडवलेला असतो. मग मेलचे लक्षण असे दिसते : जोडणी होते, सुरुवातीचे संवाद होतात, दोन ओळींची मेल जाते आणि जोडपत्र असलेली मेल ‘डेटा’ टप्प्यावर अडकून वेळ संपेपर्यंत तशीच राहते. लोक मग मेलबॉक्सची मर्यादा, अँटीव्हायरस आणि डिस्क तपासत बसतात. आयपीव्ही४ मधील ‘तुकडे करणे आवश्यक’ आणि आयपीव्ही६ मधील ‘पॅकेट मोठे आहे’ हे संदेश फायरवॉलवर उघडले, की हा दोष जातो.

दोन अपस्ट्रीम असताना वाहतूक एका मार्गाने येते आणि दुसऱ्याने जाते, हे स्वाभाविक आहे. म्हणून अपस्ट्रीमकडील इंटरफेसवर उलट मार्गाची कडक तपासणी (पॅकेट ज्या बाजूने आले त्याच बाजूने परतीचा मार्ग असावा, अशी) लावू नये. ती ग्राहकांकडील बाजूला लावावी.

टप्पा ५ : यंत्राचे नाव आणि रिव्हर्स डीएनएस

मेल सर्व्हरसाठी नव्या ब्लॉकमधील पत्ता निवडताना, ज्या पत्त्यांमागे ब्रॉडबँडचे ग्राहक सीजीनॅटमध्ये (एकच पत्ता अनेकांत वाटणाऱ्या व्यवस्थेत) असतील त्या पत्त्यांपासून तो दूर ठेवावा, शक्य असल्यास वेगळ्या /२४ मध्ये. संसर्ग झालेल्या एका घरगुती संगणकामुळे काळ्या यादीत जाण्याचा धोका शेजारच्या पत्त्यांनाही पोहोचू शकतो. ग्राहकांकडून बाहेर जाणारे २५ क्रमांकाचे पोर्ट बंद ठेवावे आणि त्यांना मेल पाठवण्यासाठी ५८७ किंवा ४६५ द्यावे.

ब्लॉक पूर्वी दुसऱ्या कोणाकडे असेल, तर त्याची जुनी पतही सोबत येते. स्पॅमहाउससारख्या काळ्या याद्यांमध्ये संपूर्ण ब्लॉक तपासावा आणि नाव काढण्याचा अर्ज मेल हलवण्यापूर्वीच करावा.

रिव्हर्स डीएनएससाठी (पत्त्यावरून नाव शोधण्यासाठी) रजिस्ट्रीच्या खात्यात ११३.०.२०३.इन-ॲडर.अर्पा हा झोन आपल्या नेमसर्व्हरकडे सोपवून घ्यावा लागतो. नुसता झोन आपल्या सर्व्हरवर तयार केला आणि सोपवणी झालीच नाही, तर तो फक्त आपल्या कार्यालयातच दिसतो. सोपवणी झाल्यावर तीन नावे एकमेकांशी जुळली पाहिजेत. २०३.०.११३.२५ चा पीटीआर (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) ‘मेल.उदाहरण.इन’ दाखवतो, ‘मेल.उदाहरण.इन’चा ए रेकॉर्ड (नावावरून पत्ता सांगणारी नोंद) परत २०३.०.११३.२५ दाखवतो, आणि सर्व्हर अभिवादनात हेच नाव सांगतो. यातील एक दुवा तुटला तरी मोठे मेल पुरवठादार संशय घेतात.

इशारा : पीटीआर तयार होण्यापूर्वी तो ‘आला का’ हे पुनःपुन्हा सार्वजनिक रिझॉल्व्हरला (सगळ्यांसाठी डीएनएसची उत्तरे शोधून देणाऱ्या सर्व्हरला) विचारू नये. ‘अशी नोंद नाही’ हे उत्तरही साठवले जाते आणि झोनच्या एसओए या मुख्य नोंदीत लिहिलेल्या मुदतीपर्यंत तेच परत मिळत राहते. थेट अधिकृत नेमसर्व्हरला विचारावे.

इशारा : सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ता असेल आणि त्याचा पीटीआर नसेल, तर मेल नेमकी त्याच पत्त्यावरून निघते आणि जीमेल ती नाकारते. आयपीव्ही६ चा पीटीआर करावा, नाहीतर पहिल्या महिन्यापुरती मेलसाठी आयपीव्ही६ बंद ठेवावी.

डोमेनचे सगळे नेमसर्व्हर याच नव्या ब्लॉकमध्ये ठेवू नयेत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या नेमसर्व्हरपर्यंत जाणारे मार्ग मागे घेतले गेले तेव्हा त्यांच्या सेवांची नावेच जगाला सापडेनाशी झाली होती. एक नेमसर्व्हर दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये असला, तर आपला मार्ग पडला तरी पाठवणाऱ्याला नाव सापडते आणि मेल त्याच्या रांगेत थांबून राहते.

टप्पा ६ : एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क

एसपीएफमध्ये (आपल्या डोमेनची मेल कोणत्या पत्त्यांवरून निघू शकते हे सांगणाऱ्या नोंदीत) नवा पत्ता मेल हलवण्याच्या किमान दोन दिवस आधी जोडावा आणि जुना तसाच ठेवावा. नव्यासाठी दुसरा एसपीएफ रेकॉर्ड तयार करू नये, कारण एका डोमेनला दोन एसपीएफ रेकॉर्ड झाले की तपासणी कायमच्या चुकीत संपते आणि दोन्ही निरुपयोगी ठरतात. एसपीएफ तपासताना डीएनएसच्या शोधांची मर्यादा १० आहे. इन्क्लुड (दुसऱ्या डोमेनची यादी जोडणे), ए, एमएक्स (डोमेनची मेल घेणाऱ्या सर्व्हरची नोंद) आणि रीडायरेक्ट मोजले जातात. सरळ लिहिलेले आयपी पत्ते मोजले जात नाहीत. टप्पा १ च्या यादीतील प्रत्येक बाहेरची सेवा आपला इन्क्लुड मागते, आणि त्या इन्क्लुडच्या आतही आणखी इन्क्लुड असतात. बंद झालेल्या सेवा काढून टाकाव्यात.

डीकेआयएमसाठी (मेलवरील डिजिटल सहीसाठी) नव्या सर्व्हरवर नवी २०४८ बिटची किल्ली आणि नवा सिलेक्टर (किल्लीचे डीएनएसमधील नाव) करावा. जुन्याच सिलेक्टरखाली नवी किल्ली लिहिली, तर जुन्या सर्व्हरच्या रांगेतून अजून निघणाऱ्या मेलची सही खोटी ठरते. इतकी लांब किल्ली २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, ती दोन तुकड्यांत लिहावी लागते. काही डीएनएस पॅनेल ती गुपचूप कापतात किंवा मध्येच रिकामी जागा घालतात. जतन केल्यावर नोंद बाहेरून वाचून मूळ किल्लीशी अक्षरशः जुळवावी.

डीमार्कचे धोरण या महिन्यात कडक करू नये. आधीपासून ‘रिजेक्ट’ (तपासणीत न टिकलेली मेल नाकारा) असेल तर तसेच राहू द्यावे, पण मग बाहेरच्या प्रत्येक सेवेची सही आपल्याच डोमेनची आहे का, हे हलवण्यापूर्वी तपासावे. जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या. जीमेलसाठी ही रेषा दिवसाला ५,००० मेलची आहे आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवाव्या लागतात.

एमटीए-एसटीएस (आपली मेल कोणत्या सर्व्हरवर आणि सुरक्षित जोडणीनेच द्यावी हे सांगणारे धोरण) वापरत असाल आणि एमएक्सचे नावही बदलणार असाल, तर नवे नाव आधी धोरणाच्या फाइलमध्ये जोडून डीएनएसमधील ओळख क्रमांक बदलावा. पाठवणारे जुने धोरण साठवून ठेवतात आणि त्यात नसलेल्या सर्व्हरला मेल देत नाहीत.

टप्पा ७ : हलवण्याची रात्र

१. दोन दिवस आधी ए आणि एमएक्स रेकॉर्डची टीटीएल (नोंद किती वेळ साठवून ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणावी. आधीची टीटीएल ८६,४०० सेकंद असेल, तर एक पूर्ण दिवस उलटेपर्यंत नव्या आकड्याचा परिणाम सगळीकडे दिसत नाही.

२. नव्या सर्व्हरवर खात्यांची यादी, उपनावे आणि प्रमाणपत्र उतरवून झाल्यावर त्याला ‘तात्पुरता नकार’ स्थितीत ठेवावे. पोस्टफिक्स या मेल सॉफ्टवेअरमध्ये सॉफ्ट बाउन्स ही सोय त्यासाठीच आहे. एखादे खाते उतरायचे राहिले असेल तर सर्व्हर ५५० (कायमचा नकार) ऐवजी ४५० (तात्पुरता नकार) सांगतो आणि पाठवणारा पुन्हा प्रयत्न करतो. तात्पुरत्या नकारानंतर पाठवणाऱ्या सर्व्हरने किमान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावे असा प्रमाण संकेत आहे. कायमच्या नकारानंतर मेल त्याच क्षणी परत जाते.

३. सर्व्हर स्पॅमची यादी तपासण्यासाठी कोणता रिझॉल्व्हर वापरतो ते पाहावे. स्पॅमहाउसची मोफत सेवा सार्वजनिक रिझॉल्व्हरकडून आलेल्या प्रश्नाला १२७.२५५.२५५.२५४ असे उत्तर देते. ‘कोणतेही उत्तर म्हणजे यादीत आहे’ असे समजणारा सर्व्हर मग जगातील सगळी मेल स्पॅम म्हणून नाकारतो. स्वतःचा रिझॉल्व्हर चालवावा आणि उत्तराचे नेमके आकडे तपासावेत.

४. आता रेकॉर्ड बदलावेत. जुना सर्व्हर बंद करू नये. त्याची रांग रिकामी होऊ द्यावी आणि त्याच्याकडे येणारी मेल नव्याकडे पुढे पाठवावी.

५. जीमेल, आउटलुक आणि एखादा भारतीय पुरवठादार यांच्या चाचणी खात्यांवर एक साधी आणि एक पाच मेगाबाइट जोडपत्राची मेल पाठवावी. आलेल्या मेलची मूळ शीर्षके उघडून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ आहे का ते वाचावे. मेल इनबॉक्समध्ये आली एवढ्यावर समाधान मानू नये.

तपासणी : परत फिरण्याची वेळ आधी ठरवलेली असावी. उदाहरणार्थ पहाटे चारपर्यंत पाचवी पायरी पूर्ण झाली नाही, तर रेकॉर्ड जुन्या पत्त्यावर न्यावेत. मार्ग जाहीर राहू द्यावा, फक्त मेल परत न्यावी.

टप्पा ८ : पुढचे आठवडे

नव्या पत्त्याची पत शून्यापासून सुरू होते. पहिल्या आठवड्यात फक्त माणसांचा नेहमीचा पत्रव्यवहार नव्या पत्त्यावरून जाऊ द्यावा. बिले आणि परिपत्रके जुन्या पत्त्यावरून किंवा बाहेरच्या सेवेतून पाठवून हळूहळू वळवावीत. रांगेत ४२१ आणि ४५१ ची (तात्पुरत्या नकाराची) उत्तरे वाढली तर वेग कमी करावा. गुगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये डोमेन नोंदवून तक्रारींचे प्रमाण रोज पाहावे.

लॉग जपावेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळलेली असावी लागतात. राउटर आणि मेल सर्व्हर यांच्या घड्याळांत दोन मिनिटांचा फरक असला, तरी मार्ग पडला म्हणून मेल अडली की उलट झाले, हे लॉगवरून ठरवता येत नाही.

आवराआवरीचा क्रमही ठरलेला आहे. जुन्या सर्व्हरची रांग रिकामी झाली, डीमार्कच्या अहवालांत जुना पत्ता सलग दिसेनासा झाला आणि महिन्यातून एकदा निघणाऱ्या मेलही नव्या पत्त्यावरून जाऊन आल्या, की आधी एसपीएफमधून जुना पत्ता काढावा आणि मगच तो पुरवठादाराला परत करावा. उलट केले, तर तो पत्ता ज्या नव्या ग्राहकाला मिळेल, त्याच्याकडून आपल्या डोमेनच्या नावाने निघालेली मेल एसपीएफच्या तपासणीत उत्तीर्ण होईल. त्यानंतर जुना डीकेआयएम सिलेक्टर काढावा. ब्लॉक आधी पुरवठादार जाहीर करत असेल, तर त्याच्याकडील जाहिरात मागे घेतल्याची खात्री राइपस्टॅटवर करून घ्यावी आणि त्याच्या एएस क्रमांकाचा आरओए व जुना राउट ऑब्जेक्ट रजिस्ट्रीतून रद्द करावा. टीटीएल पुन्हा ३,६०० किंवा त्याहून वर न्यावी.